चौदा गाठी

चावडीत त्या दिवशी मी एकच वाक्य बोललो, आणि ते खरं होतं. "असलं दुखणं आमच्या पुस्तकात न्हाई." एवढंच. त्या वाक्यामुळं तायव्वाला गाव सोडावं लागलं, आणि ती गेल्यावर दीड वर्षानं एक धडधाकट बाई मेली. गावात आजही म्हणतात की तायव्वाला पाटलांनी घालवलं. हे खोटं आहे. पाटलांनी मला चावडीत बोलावलं, तेच मुळी तिला वाचवायला एखादी वाट सापडते का ते बघायला. वाट होती. ती मला एकट्याला माहीत होती, आणि मी गप्प बसलो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आता सत्तेचाळीस आहे. आमचं गाव निपाणीपासून चार-पाच मैलांवर, वेदगंगेच्या काठाला. गावात दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि मी त्यातला कंपौंडर. डॉक्टरसाहेब निपाणीहून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी येत. बाकीचे पाच दिवस लोक मलाच डॉक्टर समजत, आणि खरं सांगायचं तर मीही समजत असे. बाटलीला कागदाची पट्टी कातरून चिकटवायची, लाल औषध भरायचं, तीन वेळा घ्या म्हणायचं. एवढ्यावर मला गावात मान होता. वडीलधारी माणसंही मला आप्पा म्हणत.

तायव्वा गावची सुईण. माझी नाळ तिनंच कापलेली, त्यामुळं ती मला 'अरे-तुरे' करायची. उंच, वाळकी, उन्हात ठेवलेल्या तंबाखूच्या पानासारखा रंग. पायात जोडवी नाहीत, हातात काचेची बांगडी नाही, त्यामुळं ती आल्याचा आवाज कधी यायचा नाही. दारात येऊन ती हाकही मारत नसे. उंबऱ्याबाहेर नुसती उभी राहायची. घरातल्या कुणाला तरी पाठीला काहीतरी जाणवायचं, मान वळायची, आणि ती दिसायची. किती वेळ उभी होती हे कुणालाच सांगता येत नसे. गावातली कुत्री आमच्या डॉक्टरसाहेबांवर दर खेपेला भुंकायची. तायव्वावर कधीच नाही. ती गल्लीत शिरली की कुत्री उठून बाजूला व्हायची.

तपकिरीची डबी आणि सुताचा एक गुंडा, या दोन वस्तू तिच्या कमरेला नेहमी असत. बोलता बोलता तिचा अंगठा त्या सुतावर फिरायचा. अंगठ्याला बारीक खाच पडली होती. बाळंतिणीच्या घरी ती तांदूळ-लुगडं घ्यायची, पण निघताना आणखी एक गोष्ट मागायची, बाळंतिणीच्या फुटलेल्या बांगडीचा तुकडा. कशाला, असं विचारलं की म्हणायची, "पोटातलं पोटात ठेवावं." हे तिचं ठरलेलं उत्तर. पाऊस पडंल काय, असं विचारलं तरी हेच.

मी तिला पहिल्यांदा घाबरलो तो दिवस मला नीट आठवतो. आजूबाजूच्या गावांत पटकीची साथ होती आणि मी विहिरीत औषध टाकायला गेलो होतो. भर दुपारची वेळ. औषध पडलं तसं पाणी जांभळं झालं आणि मग हळूहळू गुलाबी. पाच-सहा बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. तायव्वा वरच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. आमच्या शेजारच्या रामाची बायको हौसा, हसरी आणि तोंडाळ, आधीच भरलेली घागर डोक्यावर घेऊन निघाली होती.

"हौसा, घागर खाली ठेव," तायव्वा म्हणाली.

"का गं, तू नेणार हाईस?"

"ठेव तर."

हौसानं हसत हसत घागर उतरवली. पदरानं कपाळ पुसलं. आणि तिचा चेहरा बदलला. हात बेंबीच्या खाली, एका कुशीला गेला आणि ती तशीच अर्धी वाकून राहिली. ओरडली नाही. कुणीतरी आतून बोट लावल्यावर माणूस जसं थांबतं, तशी ती थांबली. सगळ्या बायका हौसाकडं बघत होत्या, आणि मग एकेक करून पायरीकडं बघायला लागल्या. तायव्वा तिथं नव्हती. ती पांदीच्या वळणापर्यंत गेलीसुद्धा होती.

अर्ध्या तासात हौसा हसतखेळत घरी गेली. पण ती उतरवलेली घागर तिनं तिथंच ओतून दिली, हे मी पाहिलं.

अशा गोष्टी मग कानावर यायला लागल्या. हिला सांगितलं, उद्या कांडण काढू नको, आणि दुसऱ्या दिवशी हिला मुसळ टाकून बसावं लागलं. तिला म्हणाली, परवा माहेरी चालत जाऊ नको. दोघी-तिघींच्या बाबतीत तिचं चुकलंही होतं. पण चुकलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

घरी मी विहिरीवरची हकीकत हसत सांगितली. माझी बायको पद्मा हसली नाही. त्या काळी मी तिला नावानं हाक मारत नव्हतो, आता इथं लिहितो आहे. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आमच्या जैनांच्या घरात सोवळं कडक. महिन्याचे ते चार दिवस बाई मागल्या पडवीत वेगळी बसणार, पाचव्या दिवशी न्हाऊन आत येणार, आणि दर महिन्याला ती तशी बसली की आई मोठ्यानं उसासा टाकणार. पद्मालाही मधेच कधीतरी अशी कळ यायची. मी तिला ओव्याचा अर्क द्यायचो. ती घ्यायची, आणि बहुतेक तुळशीच्या कुंडीत ओतायची.

पुढं एका शनिवारी डॉक्टरसाहेबांबरोबर मला औषधं आणायला निपाणीला मुक्कामी जायचं होतं. पद्मा चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "आज जाऊ नका." का, विचारलं. "नका म्हणजे नका." तिनं माझ्याशी असं बोलण्याची ती पहिलीच खेप. मी राहिलो. पुढच्या साली आमचा थोरला झाला. तायव्वानंच सोडवणूक केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी मला तायव्वाकडं पाठवलं. सुईणींनी लाल पाण्यात हात धुवावेत असा वरून हुकूम आला होता. तिची खोली गावाच्या टोकाला, तंबाखूच्या रानाला लागून. दार उघडं होतं. मी आत वाकलो आणि माझ्या तोंडाला काहीतरी गार लागलं.

आढ्यापासून दोऱ्या लोंबत होत्या. पन्नास-साठ असतील. सुताच्या, अंबाडीच्या, काही लोकरीच्या. सगळ्यांना गाठीच गाठी. आणि प्रत्येकीच्या खालच्या टोकाला बांगडीचा एक तुकडा. मी आत आल्यानं त्या हलल्या आणि ते तुकडे एकमेकांवर वाजले. बायका आतल्या खोलीत हळू आवाजात बोलत असाव्यात, तसा तो आवाज होता. माझ्या नाकासमोर एक हिरवा तुकडा फिरत होता, पिवळ्या ठिपक्यांचा. तसल्या बांगड्या मीच निपाणीच्या बाजारातून आणल्या होत्या.

"व्हय, तिचीच. पोर व्हायच्या आदुगर आपण होऊन देऊन गेली," कोपऱ्यातून तायव्वा म्हणाली. ती तिथं बसलेली मला दिसलीच नव्हती.

माझा राग मी कसाबसा आवरला. हे काय चालवलंय, विचारलं. तिनं मला खाली बसवलं आणि एक दोरी हातात दिली. मोठी गाठ म्हणजे कावळा शिवल्याची, बारीक गाठ एकेका दिवसाची, आणि जिथं कळ आली तिथं दुहेरी गाठ. बायका वेगळ्या बसतात ते सगळ्या गावाला दिसतं, पण बघत कुणी नाही. ती बघत होती. मागल्या कुंपणावर कुणाचं लुगडं वाळतंय, पाचव्या दिवशी कोण न्हाऊन पाण्याला आली, एवढ्यावर तिचं काम चाले. कळेचं बायका आपण होऊन सांगत.

"कावळ्यापासनं कळंपतोर कुणाचं दहा, कुणाचं अठरा. त्याचा भरोसा न्हाय," ती म्हणाली. "पर कळंपासनं फुडच्या कावळ्यापतोर मोज. कुठलीबी दोरी धर."

मी मोजल्या. चौदा. दुसरी धरली, चौदा. तिसरी तेरा, चौथी परत चौदा.

"पाटलीणबाईची असू दे, न्हायतर भांगलणीच्या बाईची. जिची पाळी नेमानं येती तिची कळबी नेमानं येती. मग आदल्या दिशी सांगायला काय लागतंय?"

"पण कळ येतेच कशाला?"

"निरोप हाय त्यो, आप्पा. रान वाफश्याला आलंय, एवढंच सांगाया येतंय. तवाच पेरायचं." तिनं हिरव्या तुकड्याकडं बघितलं आणि मला तो शनिवार आठवला. कानशिलं तापली. तिला ते दिसलं असावं, कारण ती लगेच पुढं बोलली. "पर निरोप्या दारात मुक्काम करत न्हाय. दिस मावळायच्या आत, लई झालं तर दुसऱ्या सकाळपतोर त्यो गेला पायजे. न्हाय गेला, न्हायतर भलत्याच दिशी आला, तर त्यो निरोप्या न्हवं."

"मग कोण?"

तिनं मागं हात नेला. तिच्या मागं एका बुट्टीत एक दोरी वेटोळं करून ठेवली होती, बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब. टोकाला लहान मापाच्या बांगडीचा तुकडा. ती तिच्या मुलीची, सोनीची. सोनीच्या पोटात कुशीला दुखायला लागलं, तेव्हा तायव्वा म्हणाली होती, दर महिन्याचीच कळ ती, जाईल. तिसऱ्या दिवशी सोनी गेली. सोळा वर्षांची होती. "तवा मी मोजत न्हवते," एवढंच तायव्वा म्हणाली. मोजायला ती त्यानंतर लागली.

मी ती दोरी पाहिली. वरच्या गाठी काळ्या पडल्या होत्या. खालच्या पांढऱ्या होत्या, ताज्या.

"ही अजून बांधतीस?"

"ती गेली. तिचं दिस कुठं जात्यात? येत्यातच की." बोलता बोलता तिचा अंगठा त्या दोरीच्या टोकावर आला आणि तिनं एक गाठ मारली. दुहेरी. त्याच वेळी आढ्याखालचे सगळे तुकडे हलले. दार उघडं होतं, बाहेर वारा असेल. मला त्याचा स्पर्श झाल्याचं आठवत नाही.

लाल पाण्याची पुडी तिथंच ठेवून मी निघालो. मंगळवारी डॉक्टरसाहेबांना चौदा गाठींचं सांगितलं, अर्थात हिरव्या तुकड्याचं वगळून. ते मनापासून हसले. गर्भ राहण्याचे दिवस म्हणजे विटाळ संपल्यावरचे पहिले आठ, ते म्हणाले, पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे. मधेच दुखण्याचं तर कुठं काही नाही. सुईणीच्या नादाला लागू नकोस. मलाही ते बरं वाटलं. पुस्तक माझ्या बाजूला होतं.

पाटलांच्या धाकट्या सूनबाईंना तंबाखूच्या खळ्यात चक्कर आली ती त्याच हंगामात. सकाळी तायव्वा तिला म्हणाली होती, आज उन्हात जाऊ नगं. दुपारी ती ओटीपोट धरून कोसळली आणि दगडावर कपाळ आपटलं. सासूनं माणसं पाठवून तायव्वाच्या खोलीची झडती घेतली. माणसं दोऱ्या घेऊन आली, हातभर लांब धरून, अंगाला लागू नये म्हणून. गावातल्या प्रत्येक घरच्या बाईची बांगडी त्यात होती. करणीला आणखी काय लागतं?

चावडीत दिवसाढवळ्या माणसं जमली. दोऱ्या जमिनीवर ढीग करून ठेवल्या होत्या. तायव्वा बाहेर लिंबाखाली उभी होती, तशीच, हाक न मारता. पाटलांनी मला पुढं बोलावलं. म्हणाले, "आप्पा, तू शिकलेला. ताप न्हाई, जुलाब न्हाई, चांगल्या बाईच्या ओटीपोटात कळ येती आणि जाती. हिला आदल्या दिवशी ठावं असतंय. ह्याचं काय कारण असंल, तुला ठावं असलं तर सांग."

कारण दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे बायकांचे बाहेर बसण्याचे दिवस पुरुषांच्या बैठकीत मोजून दाखवायचे, पाटलांच्या सुनेचेसुद्धा. ते आमच्या गावात कुणी कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. आणि तुला रं कसं ठावं, असं कुणी विचारलं असतं तर? त्या ढिगात हिरवा तुकडा वरच पडला होता. मला तो दिसत होता. माझा थोरला कुणाच्या मोजण्यानं झाला हे चावडीत निघालं असतं, आणि पद्माचं नाव निघालं असतं. मी जमिनीकडं बघितलं आणि म्हणालो, असलं दुखणं आमच्या पुस्तकात न्हाई.

पुस्तकात नाही म्हणजे दुखणंच नाही. दुखणं नाही म्हणजे उरलं काय ते सगळ्यांना कळलं.

गावानं तिला मारलं नाही. पाणी आणि विस्तव बंद केला. तिसऱ्या दिवशी ती निघाली, नंदगडच्या बाजूला तिच्या बहिणीची लेक होती तिकडं. दोऱ्या कुणी जाळायला धजलं नव्हतं, त्या तिनं बुट्टीत भरून घेतल्या. जाताना ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली. मी बाटल्या धूत होतो, पाठीला जाणवलं. ती चावडीबद्दल काही बोलली नाही. एक दोरी पुढं केली.

"हौसाची हाय. तिला दोन डाव बिनदिवसाची कळ येऊन गेली, उजवीकडं. ती नेमाची कळ न्हवं. तू ह्याच्यावर बांधत जा. तुझ्या घरातनं कळंल तुला तिचं. तिसऱ्या डावाला भलत्या दिशी दुखलं तर थांबू नगं. गाडी जोड आणि मिरजंच्या मोठ्या दवाखान्यात न्हे."

मी दोरी घेतली. बुचांच्या खणात टाकली. एकही गाठ मारली नाही.

दीड वर्षानं, बुधवारी, रामा हौसाला घेऊन दवाखान्यात आला. उजव्या कुशीला दुखत होतं. हौसा तशातही बोलत होती. "तायव्वा गेली आणि कळ हितंच ठेवून गेली बघा, आप्पा." मीही हसलो. ओव्याचा अर्क आणि पेपरमिंट दिलं. बुचांचा खण माझ्या गुडघ्याशी होता. पुढचं बूच घ्यायला मी तो अर्धा ओढलासुद्धा, दोरी दिसली, आणि मी खण लावून टाकला. पद्माला एक शब्द विचारायला माझं घर तीस पावलांवर होतं.

गुरुवारी तिच्या सासरच्यांनी उतारा टाकला. तायव्वानं ठेवून गेलेली करणी उतरवायला. शुक्रवारी सकाळी कळ एकदम थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं, हौसानं उठून पेज घेतली, मलाही वाटीभर साखर पाठवली. शनिवारी डॉक्टरसाहेब आले तेव्हा तिचं पोट फळीसारखं झालं होतं. आतडं फुटलंय म्हणाले. मिरजेला न्यायला गाडी जोडली, ती कागलच्या अलीकडूनच परत आली.

त्या दिवशी घरी पद्मानं मला पाणी दिलं आणि न विचारताच म्हणाली, "दुखायला लागलं तेव्हा हौसाक्का न्हाऊन उठली त्याला तीनच दिवस झालेते." मग ती आत गेली. आम्ही त्यावर वीस वर्षं बोललो नाही.

पुढं माझी बदली बेळगावला झाली. दोन वर्षांमागं पद्माचं ते दर महिन्याचं मधलं दुखणं जरा वाढलं, म्हणून मी तिला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी विचारलं, साधारण पाळीच्या दोन आठवडे आधी येतं का? "चौदा दिवस," पद्मा म्हणाली. बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, बरोबर, स्त्रीबीज सुटतं तेव्हा काहींना असं दुखतं, घाबरण्यासारखं नाही. जर्मन लोकांनी याला नावच दिलंय, मधलं दुखणं अशा अर्थाचं. आमच्या पुस्तकांत आता आता आलं हे. तुम्हाला कुणी सांगितलं?

पद्मानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आमच्या गावात एक बाई होती.

"नशीबवान गाव," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

तरीही जायला मला आणखी वर्ष लागलं. मच्छ्यावरून खानापूर, तिथून बैलगाडीनं नंदगड, आणि नंदगडपासून अर्धा कोस चालत. भाचीचं घर सापडलं. तायव्वा ओसरीवर बसली होती, भिंतीला टेकून. डोळे पांढरे झाले होते. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. किती वेळ उभा होतो मला सांगता येत नाही.

"दवाखान्याचा वास आला," ती म्हणाली. "बस, आप्पा."

मी तिच्यासमोर हौसाची दोरी ठेवली. खूप काही बोललो, एका दमात, नीट आठवतही नाही. हौसा गेल्याचं तिला आधीच कळलं होतं. तिचा अंगठा त्या दोरीवरून फिरत शेवटच्या गाठीपर्यंत गेला आणि तिच्यापुढच्या कोऱ्या सुतावर थांबला. बराच वेळ ती तिथंच चाचपत होती. मी म्हणालो, तायव्वा, माझं चुकलं, मला माफ कर.

"मला काय सांगतोस? मला ठावंच हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "जिथं गप बसलास तिथं जाऊन सांग."

मग तिनं बुट्टीतून आणखी एक दोरी काढली. टोकाला हिरवा तुकडा होता, ठिपके झिजून गेलेले. दोरी सोनीच्या दोरीइतकी लांब झाली होती. "मधी किती पोरं झाली, कितींदा थांबली, मला काय ठावं," ती म्हणाली. "मी आपली बांधत ऱ्हायले. आज तिचा दिस हाय."

दुसऱ्या दिवशी बेळगावला पोचल्यावर मी पद्माला विचारलं. काल दुपारी, ती म्हणाली, आणि तिनं डाव्या कुशीवर हात ठेवला. हा योगायोग असणार. इतक्या वर्षांचा हिशोब कुणालाही अंदाजानं बांधता येणार नाही. मी एवढंच म्हणतो.

नंदगडहून निघताना मी पांदीपर्यंत जाऊन एकदा मागं वळलो. पलीकडच्या घरात कुणीतरी बाई जातं ओढत होती, तो घरघराट ऐकू येत होता. तायव्वा तशीच भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दोऱ्या. त्यांतली एक तिनं उचलली, गाठी चाचपत गेली आणि एका गाठीवर थांबली. मग पांढऱ्या डोळ्यांचं तोंड तिनं पलीकडच्या घराकडं वळवलं. जातं थांबलं.

मी धावत नव्हतो, पण खानापूर येईपर्यंत मागं बघितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गावाकडं गेलो. जायच्या आदल्या दिवशी पद्माला विचारलं की चावडीत तुझं नाव घेऊ का. ती म्हणाली, घ्या, माझ्या आईबापांनी घेण्यासाठीच ठेवलंय. थोरले पाटील आता हयात नाहीत, त्यांचा मुलगा गादीवर बसला होता. रामा दाराशी, केस पांढरे झालेला. पंधरा-वीस माणसं असतील, बरीचशी तेव्हाची. मी बसलो नाही. तेव्हा ज्या फरशीकडं बघत होतो, तिच्यावरच उभा राहिलो.

कावळा शिवण्याचं नाव काढताच दोघं उठून गेले. एकजण म्हणाला, आप्पा, वयाचं भान ठेवा. मी थांबलो नाही. चौदा गाठींचं सगळं सांगितलं. मग हौसाची दोरी रामाच्या हातात दिली आणि म्हणालो:

"तायव्वा करणी करत न्हवती, मोजत हुती. मला ते ठावं हुतं. माझ्या बायकोची, पद्माची, दोरी त्या ढिगात हुती, माझा थोरला तायव्वाच्याच मोजण्यानं झाला, आणि ते निघू नये म्हणून मी हितं गप्प बसलो. रामा, ही दोरी तिनं तुझ्या हौसासाठी माझ्याजवळ दिलती. तू तिला घेऊन आलास तवा ही माझ्या गुडघ्याशी खणात हुती. मी दोरी बघितली आणि खण लावला. पुस्तकात न्हवतं हे खरं हाय, पर मला ठावं हुतं हेबी खरं हाय. चूक माझी हाय. तुझी, हौसाची आणि त्या म्हातारीची मी माफी मागतो."